अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ नव्याने लिहा: पाठ्यपुस्तकांच्या लेखक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
शालेय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि विषयतज्ज्ञ

विषय: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील पाठात कोणते बदल हवेत, याबाबत

स.न.वि.वि.

इंग्लंडने कर वाढवले, वसाहतवाल्यांनी चहा समुद्रात फेकला, ४ जुलै १७७६ रोजी जाहीरनामा निघाला आणि वॉशिंग्टनने युद्ध जिंकले. पाठ्यपुस्तके, गाइडे आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्स यांतून हा विषय मुलांपर्यंत पोहोचतो तो एवढाच. चार वाक्ये पाठ केली की टीप लिहून होते, गुणही मिळतात. पण राजाची सत्ता झुगारल्यावर दुसऱ्या दिवशी कर कोणी गोळा केला, न्यायालयांचे काय झाले, सैन्याला पगार कशातून दिला, हे कोणत्याही मुलाला सांगता येत नाही, कारण पाठात ते नसतेच.

आमचे म्हणणे असे आहे. स्वातंत्र्याची घोषणा होण्याआधी जवळजवळ दोन वर्षे वसाहतींनी आपला कारभार राजाच्या अधिकाऱ्यांकडून काढून घेतला होता. जाहीरनामा म्हणजे त्या कारभारावर उमटलेला शिक्का. पुढे त्याच कारभाराला पैसा उभा करता येईना, म्हणून १७८७ मध्ये नवे संविधान लिहावे लागले. कारभार आणि पैसा हे दोन धागे धरून पाठ लिहिला, तर सनावळी आपोआप जागेवर बसते.

आधी चहा, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. १७७३ च्या चहाच्या कायद्याने चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या वखारींत कोट्यवधी पौंड चहा पडून होता आणि कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. तोवर कंपनीला हा चहा लंडनमध्ये लिलावाने विकावा लागे, मग व्यापारी तो अमेरिकेला नेत. नव्या कायद्याने कंपनीला आपल्या निवडक अडत्यांकडे थेट चहा पाठवण्याची मुभा दिली आणि इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळण्याची सोय केली. अमेरिकेतली पौंडामागे तीन पेन्सची जकात मात्र तशीच ठेवली. परिणामी कंपनीचा चहा चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशी भावात टक्कर देऊ लागला. लोक बिथरले ते दोन कारणांनी. स्वस्त चहा घेणे म्हणजे पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मुकाट्याने मान्य करणे, हे एक. दुसरे, व्यापार मूठभर मर्जीतल्या अडत्यांच्या हातात जाणार होता. बॉस्टनच्या अडत्यांत तर गव्हर्नर हचिन्सनची दोन मुले होती.

चहा १६ डिसेंबरच्याच रात्री का बुडवला, हेही पाठात यायला हवे. डार्टमाउथ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबरला बॉस्टनला लागले. नियमानुसार वीस दिवसांत जकात भरली नाही, तर कस्टम्सचे अधिकारी माल जप्त करणार, आणि जप्त झालेला माल विकला जाणार. मुदत १७ डिसेंबरला संपत होती. लोक म्हणत, जहाज माल न उतरवता परत पाठवा. गव्हर्नर म्हणे, जकात भरल्याशिवाय बंदर सोडायचा परवाना मिळणार नाही. दोन्ही वाटा बंद झाल्यावर मुदतीच्या आदल्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या. हा चहा सुमारे ९२,००० पौंड, म्हणजे जवळजवळ ४२ टन होता. आणि तो चीनचा होता. आसामचे चहाचे मळे त्यानंतर साठेक वर्षांनी आले, तेव्हा हा 'भारतातला चहा' होता असा समज कृपा करून कोणत्याही तळटीपेतून पसरू देऊ नये. इतर बंदरांची हकीकतही दोन ओळींत द्यावी. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून जहाजे परत पाठवली गेली, चार्ल्सटनला चहा उतरवून कस्टम्सच्या कोठारात कोंडला गेला. एकाच कायद्याला चार बंदरांनी दिलेली उत्तरे शेजारी मांडली की बॉस्टनचे वेगळेपण मुलांना आपसूक कळते.

या प्रसंगाला महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या अगदी जवळचा एक दुवा आहे आणि तोच आपल्या पुस्तकांत तुटलेला दिसतो. ज्या पार्लमेंटने मे १७७३ मध्ये चहाचा कायदा केला, त्याच पार्लमेंटने पुढच्याच महिन्यात कंपनीच्या कारभाराला वेसण घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले. बंगालमधील १७७० चा दुष्काळ, कंपनीचा डबघाईला आलेला कारभार आणि लंडनमधील बँकांचे संकट या सगळ्यावर काढलेले हे तोडगे होते. आपला विद्यार्थी रेग्युलेटिंग ॲक्ट एका इयत्तेत शिकतो, बॉस्टन दुसऱ्या इयत्तेत, आणि दोन्ही एकाच कंपनीला वाचवण्यासाठी झाले हे त्याला कोणी सांगत नाही. याच ॲक्टने मुंबई इलाखा कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली आला. म्हणून मुंबईकरांनी रघुनाथरावांशी १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने मानला नाही आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. दोन पाठांच्या मध्ये एक चौकट टाकली तरी हे काम होईल.

'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा पुस्तकात असते, पण तिचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. वसाहतींना लंडनच्या पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या, असे मुले लिहितात. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला स्टॅम्प ॲक्टविरोधात जमले, तेव्हा त्यांनी ठरावातच म्हटले की आपल्या परिस्थितीमुळे आपले प्रतिनिधित्व तिथे होत नाही आणि होऊही शकत नाही. म्हणजे कर लावण्याचा अधिकार फक्त आमच्या स्वतःच्या विधानसभांना, एवढीच मागणी होती. स्टॅम्प ॲक्ट कसा कोसळला, हेही सांगण्यासारखे आहे. वर्तमानपत्रे, दस्तऐवज, परवाने, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा शिक्क्याच्या कागदाशिवाय चालणार नव्हते. तो कागद विकायला प्रत्येक वसाहतीत अधिकारी नेमले होते. १ नोव्हेंबरला कायदा लागू होईपर्यंत जवळजवळ सर्वांना लोकांनी राजीनामे द्यायला लावले होते. कागद विकणाराच उरला नाही, तर कर भरायचा कुठे? मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. त्याच वेळी 'वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला हक्क आहे' असे जाहीर करणारा दुसरा कायदाही पार्लमेंटने करून ठेवला. पुढच्या दहा वर्षांचे भांडण त्या दुसऱ्या कायद्यात आहे.

आता मुख्य मुद्दा. बॉस्टनला धडा शिकवण्यासाठी १७७४ मध्ये पार्लमेंटने बंदर बंद केले आणि बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सचा कारभारच बदलला. वरिष्ठ सभागृह राजाने नेमायचे, न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नरने नेमायचे, गावसभा वर्षातून एकदाच, त्याही पलीकडे घ्यायची तर गव्हर्नरच्या परवानगीने. बंदराची झळ एका शहराला बसली होती. गावसभेवर घाला आला तेव्हा प्रत्येक खेड्यातला शेतकरी उठला. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर या गावी न्यायालय भरायचे होते. आसपासच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसे आपापल्या गावाच्या तुकडीने आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभी राहिली. न्यायाधीशांपासून शेरीफपर्यंत पंचवीसेक अधिकाऱ्यांना हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालावे लागले आणि 'नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही' हे लिहून दिलेले पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावे लागले, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. एकही गोळी सुटली नाही. त्या महिनाअखेरीस बॉस्टनबाहेर मॅसॅच्युसेट्समध्ये राजाचा अंमल जवळजवळ संपला होता. लेक्झिंग्टनची पहिली गोळी त्यानंतर सात महिन्यांनी, १९ एप्रिल १७७५ ला सुटली. पाठात लेक्झिंग्टन असतेच. वुस्टरला किमान एक परिच्छेद द्या.

ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे लोकांनी राजाला डावलून भरवलेल्या प्रतिनिधीसभेने, आणखी एक पाऊल टाकले. गोळा झालेला कर राजाच्या खजिनदाराकडे न भरता काँग्रेसने नेमलेल्या हेन्री गार्डनरकडे भरा, असे तिने गावोगावच्या वसुली अधिकाऱ्यांना कळवले. सत्तांतर म्हणतात ते इथे घडले. फाडलेल्या झेंड्याचे चित्र छापण्यापेक्षा हा एक हुकूम समजावून सांगितला, तर राज्यसंस्था म्हणजे काय हे मुलांना जास्त कळेल.

हेच सर्व वसाहतींत पसरवण्याचे यंत्र पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसने उभारले. फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये ५ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर १७७४ या काळात बारा वसाहतींचे ५६ प्रतिनिधी बसले. जॉर्जिया आली नव्हती. २० ऑक्टोबरला त्यांनी 'असोसिएशन' नावाचा करार मंजूर केला. पाठ्यपुस्तकांत याचे नावही क्वचित येते, आणि आमच्या मते हा जाहीरनाम्याच्या तोडीचा दस्तऐवज आहे. १ डिसेंबर १७७४ पासून ब्रिटिश माल आणायचा नाही, गुलाम आणायचे नाहीत. १० सप्टेंबर १७७५ पासून निर्यातही बंद. फक्त साउथ कॅरोलायनाने अडून बसून युरोपला जाणारा तांदूळ वगळून घेतला. कापडाची टंचाई येणार म्हणून मेंढ्या मारू नका, त्यांची पैदास वाढवा. घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, नाटके बंद. अंत्यविधीला हातमोजे आणि उपरणी वाटायची पद्धत बंद. सुतकात पुरुषांनी दंडावर काळी फीत बांधली की पुरे. आणि हे सगळे पाहायला प्रत्येक जिल्ह्यात, शहरात, गावात मतदारांनी निवडलेली समिती. नियम मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापायचे आणि त्याच्याशी सगळे व्यवहार तोडायचे, आपल्याकडे गाव एखाद्याला वाळीत टाकत असे तसे.

याचे दहावे कलम वर्गात फार उपयोगी पडते. १ डिसेंबर ते १ फेब्रुवारीच्या दरम्यान माल आला, तर मालकापुढे तीन पर्याय ठेवले होते. माल परत पाठवा, समितीच्या ताब्यात ठेवा, किंवा समितीला विकू द्या. विक्रीत मूळ किंमत मालकाला आणि नफा बॉस्टनच्या गरिबांना. १ फेब्रुवारीनंतर आलेला माल गासड्या न सोडता परत. मुलांना तीन व्यापारी द्या. एकाचे जहाज २० नोव्हेंबरला लागले, दुसऱ्याचे १५ जानेवारीला, तिसऱ्याचे १५ फेब्रुवारीला. वर्गातल्या पाच जणांची समिती करा आणि निकाल लिहून घ्या. अर्धी तासिका पुरते. हमखास वाद होतो तो दुसऱ्या व्यापाऱ्यावरून, आणि तो होऊ द्यावा, कारण समित्यांची जबरदस्तीही तिथेच दिसते. त्या काळात लोकांची पत्रे फोडली गेली, घरांची झडती झाली, राजनिष्ठांच्या अंगाला डांबर फासले गेले. युद्धानंतर साठ हजारांच्या आसपास राजनिष्ठ देश सोडून गेले. हे लपवले, तर पाठ भाटगिरी होईल. बहिष्कार मात्र कडक झाला. ब्रिटनहून येणारी आयात एका वर्षात नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली.

१७७६ चा भाग लिहिताना तीन चुका टाळाव्यात. पहिली चूक तारखांची. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला बारा वसाहतींच्या मतांनी मंजूर झाला, न्यूयॉर्क तटस्थ राहिले. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा. आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. जॉन ट्रंबलचे जे चित्र '४ जुलैला सह्या करताना' अशा ओळीखाली छापले जाते, त्यात प्रत्यक्षात पाच जणांची समिती मसुदा सादर करते आहे. दुसरी चूक म्हणजे तक्रारींची यादी पार्लमेंटविरुद्ध आहे असे सांगणे. ती राजाविरुद्ध आहे. पार्लमेंटचा अधिकार वसाहतींनी आधीच नाकारलेला होता. राजाशी असलेला संबंध तेवढा तोडायचा उरला होता. तिसरी चूक, १५ मे १७७६ ला काँग्रेसने प्रसिद्ध केलेला ठराव गाळणे. राजाच्या नावाने चाललेली सत्ता मोडून लोकांच्या अधिकाराखाली सरकारे स्थापन करा, असे तो वसाहतींना सांगतो. जुलैच्या आधी.

मसुद्यातून गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा भाग साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या विरोधामुळे वगळला गेला, हे लिहावेच लागेल. वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत जवळजवळ पाचवा हिस्सा गुलाम होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना राजाच्या सैन्यात येण्याच्या बदल्यात मुक्ती देऊ केली, आणि १७८३ मध्ये सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय ब्रिटिशांबरोबर न्यूयॉर्कहून निघून गेले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले पुस्तक गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका आणि १७७६ मध्ये गाळलेला तो परिच्छेद शेजारी ठेवले, तर मधली शंभर वर्षे वर्गात बोलायला लागतील. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहात मूळ रहिवाशांचा उल्लेखसुद्धा नाही, त्यांच्या जमिनी मात्र त्याच तहाने हस्तांतरित झाल्या.

लढायांची यादी थोडक्यात आटपावी. साराटोगाचा अमेरिकन विजय (ऑक्टोबर १७७७) का महत्त्वाचा, तर त्यामुळे फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने उघड करार केला. यॉर्कटाउन का पडले, तर ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीकच्या तोंडाशी फ्रेंच आरमाराने ब्रिटिश आरमाराला हुसकावले आणि तिथे अडकलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याला समुद्रावाटे सुटका उरली नाही. बाकी जागा रसदीला द्या. ऑगस्ट १७७५ मध्ये वॉशिंग्टनने दारूगोळ्याचा हिशेब घेतला, तेव्हा सैनिकामागे जेमतेम नऊ फैरींपुरती दारू निघाली. व्हॅली फोर्ज इथल्या वॉशिंग्टनच्या हिवाळी छावणीत दोन हजारांच्या आसपास सैनिक गेले ते रोगराईने, लढाईत नव्हे. १७७७ मध्ये वॉशिंग्टनने सैन्याला देवी टोचून घ्यायला लावल्या. त्या निर्णयाचे मोल एखाद्या मोठ्या विजयाइतके आहे.

मराठ्यांचा दुवा इथेही आहे. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्याला आला आणि नाना फडणीसांनी त्याचे स्वागत केले. या बातमीने मुंबईकर इंग्रज धास्तावले आणि रघुनाथरावांना पुन्हा पुढे करण्याच्या त्यांच्या निर्णयात या धास्तीचा मोठा वाटा होता. त्याचा शेवट जानेवारी १७७९ मध्ये वडगावला झाला. सालबाईचा तह मे १७८२ चा, यॉर्कटाउननंतर सात महिन्यांचा. अमेरिका, फ्रान्स, स्पेन, हॉलंड, हैदर आणि मराठे अशा सगळ्या आघाड्या इंग्रजांना एकदम झेपत नव्हत्या. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला, आणि श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके त्याच्याबरोबर होते. एका नकाशावर हे सगळे मावते.

शेवटचा भाग पैशाचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. काँग्रेसला कर लावायचा अधिकार नव्हता, म्हणून तिने नोटा छापल्या. जून १७७५ मध्ये वीस लाख डॉलर, १७७९ च्या अखेरीस सुमारे वीस कोटी. ब्रिटिशांनी खोट्या नोटाही सोडल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. पहिली संघराज्याची घटना मेरीलँडच्या हट्टामुळे रखडून थेट १ मार्च १७८१ या दिवशी लागू झाली. तिच्यात दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्ये हवीत. आयातीवर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने पाडला. कर्ज फेडता येईना, सैनिकांना पगार देता येईना, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज याच्यासोबत न्यायालये बंद पाडायला निघाले. बारा वर्षांपूर्वी राजाविरुद्ध जे केले, तेच आता स्वतःच्या सरकारविरुद्ध. हे साम्य मुलांना शोधायला लावा, उत्तर छापून देऊ नका.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी १७ सप्टेंबरला सही केली. त्यांनी जुनी अट बाजूला सारली. तेरांऐवजी नऊ राज्ये पुरेत, आणि संमती विधानसभांनी न देता त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांनी द्यावी, असे ठरवले. मते किती काठावरची होती पाहा: मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. हक्कांची सनद जोडण्याचे आश्वासन मिळाले नसते तर हे आकडे उलटले असते, असे आम्हाला वाटते. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे अशी मोजणी आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत न रोखण्याची हमी याच संविधानात आहे.

या पाठाला सध्या बहुधा दोन तासिका मिळतात. आम्ही पाच मागतो: चहा आणि रेग्युलेटिंग ॲक्ट, वुस्टर आणि असोसिएशन, १७७६, युद्ध आणि मराठे, पैसा आणि संविधान. पाने वाढवता येत नसतील, तर लढायांचा तक्ता आणि सेनापतींची चित्रे काढा, जागा निघेल. स्वाध्यायात 'टीपा लिहा: बॉस्टन टी पार्टी' ऐवजी 'चहा स्वस्त होऊनही लोकांनी तो का नाकारला?' असा प्रश्न द्या आणि उत्तरात वीस दिवसांच्या मुदतीला स्वतंत्र गुण ठेवा. असोसिएशनच्या दहाव्या आणि अकराव्या कलमांचा मराठी अनुवाद परिशिष्टात हवा. तो करून द्यायला आम्ही तयार आहोत, आणि पुढच्या आवृत्तीचा मसुदा छपाईला जाण्यापूर्वी तपासायलाही.

आपले,
इतिहास शिकवणारे काही शिक्षक आणि अभ्यासक